एसीचा गॅस भरूनही संपतो, दुरुस्तीवाला टाळतोय

प्रश्न: दीड टनी स्प्लिट, गॅस आर-३२. चार महिन्यांत दोनदा भरला, तरी गारवा नाही. दुरुस्तीवाला रोज ‘उद्या येतो’ म्हणतो. काय करावं?

उत्तर १: गॅस वापरून संपत नाही, गळती आहेच. नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायला लावा, सांध्यांना साबणाचा फेस. बहुधा फ्लेअर नट (पाइप जोडणारा) किंवा कॉइल गळकी निघते. मग व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा-ओलावा काढणं), आणि स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस, काट्यावर मोजून. नुसता टॉप-अप अजिबात नको!

उत्तर २: फोन करणं बंद, लेखी कळवा. त्यात बिलाची तारीख, १५ दिवसांची मुदत. नाहीच आला तर १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार.

उत्तर ३: पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद जपा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. तिथे तक्रारीची मुदत २ वर्षं.