प्रतिसाद: पटवर्धन आणि महोत्सव

वर कुणीतरी म्हटलंय की माहितीपटकार आनंद पटवर्धन फक्त चित्रपट महोत्सवांसाठी चित्रपट काढतात. हे काही पटलं नाही.

'जय भीम कॉम्रेड'चंच बघा. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेला माणूस, पण जाताना डोक्याला आंबेडकरी चळवळीचं निळं फडकं बांधून गेला. याच घोगऱ्यांना पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये चित्रित केलं होतं. घोगरे गेल्यावर 'जय भीम कॉम्रेड'चं चित्रीकरण सुरू झालं ते थेट २०११ मध्ये चित्रपट येईपर्यंत चाललं. चौदा वर्षं! महोत्सवासाठी कुणी एवढं थांबतं का? (तीन तासांहून मोठा आहे, सवड काढून बसा.)

बाकी माहितीपट दाखवण्यावरून दूरदर्शनशी त्यांच्या कोर्टकचेऱ्या हा वेगळ्या धाग्याचा विषय. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध'चं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये निकाल पटवर्धनांच्या बाजूने लागला. निवेदन कमी आणि समोरच्याला बोलू देणं जास्त, ही त्यांची पद्धत मला आवडते. अयोध्येच्या वादावरच्या त्यांच्या 'राम के नाम'मधले पुजारी लालदास आठवा.