मदत हवी आहे : जुन्या झेड-फोरचे टायर बदलायचे आहेत – रनफ्लॅट, साधे, की एक इंच लहान चाके?

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीनंतर मी २०१४ सालची बीएमडब्ल्यू झेड-फोर (एसड्राइव्ह ३५आय) सेकंड हँड विकत घेतली. दोन आसने, दुमडून डिकीत जाणारे धातूचे छप्पर, तीन लिटरचे ३०६ अश्वशक्तीचे इंजिन आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना, असा हा प्रकार आहे. आधीच्या मालकांकडे गाडी बहुतेक काळ मुंबईतल्या एका सोसायटीच्या तळघरात झाकून उभी होती, त्यामुळे अकरा वर्षांत ती जेमतेम ३१,००० किलोमीटर चालली आहे. घेताना मी इंजिन, गिअरबॉक्स, छपराची यंत्रणा असे सगळे जाणकाराकडून तपासून घेतले. टायर मात्र नक्षी किती उरली आहे एवढ्याच नजरेने पाहिले, आणि नक्षी भरपूर दिसत होती. तिथेच माझी चूक झाली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बावधनच्या सिग्नलवर डावीकडे वळताना, वेग रिक्षापेक्षाही कमी असताना, झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर गाडीची मागची बाजू अलगद बाहेर सरकली. ट्रॅक्शन कंट्रोलने, म्हणजे चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेने, सावरून घेतले आणि कोणाला काही झाले नाही, परंतु घरी येऊन मी मोबाइलचा टॉर्च लावून पार्किंगमध्ये गुडघे टेकले. पुढच्या टायरांवर डीओटीच्या, म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेल्या निर्मिती-क्रमांकाच्या, शेवटी २३१७ आणि मागच्यांवर ४११६ असे आकडे सापडले, म्हणजे पुढचे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यातले आणि मागचे २०१६च्या एक्केचाळिसाव्या आठवड्यातले. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा आहेत आणि नखाने दाबल्यास रबर दबत नाही. मागच्या टायरांची खोली मापकाने मोजली, तर बाहेरच्या कडेला साडेपाच मिलिमीटर आणि आतल्या कडेला जेमतेम दोन भरली. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे. गाडीशेजारी उभे राहून पाहणाऱ्याला आतली कड कधीच दिसत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

तेव्हा चारही टायर बदलायचे हे पक्के आहे. प्रश्न कोणते बसवायचे, हा आहे.

सध्या पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ अशी कंपनीचीच मापे (मिलिमीटरमध्ये रुंदी, तिच्या टक्क्यांत बाजूच्या भिंतीची उंची, मग इंचांत रिमचा व्यास) असून चारही टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, आहेत. गाडीत स्टेपनी नाही आणि ठेवायला जागाही नाही, कारण छप्पर उघडले की डिकीत १८० लिटरच उरतात. पुन्हा रनफ्लॅटच घेतले, तर हवा पूर्ण गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते, ही सोय कायम राहील. पण त्यांच्या बाजूची भिंत इतकी ताठ असते की आपल्याकडच्या रस्त्यांवर प्रत्येक सांधा थेट मणक्यापर्यंत पोचतो. शिवाय ही भिंत नऊ सेंटिमीटरचीच आहे (२२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, २५५ चे ३५ टक्के म्हणजे ८९). गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात भूगाव रस्त्यावरच्या एका खड्ड्याने माझी पुढची डावी रिम वाकवली. टायर शाबूत राहिला, रिम सरळ करून घ्यावी लागली.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच मापाचे साधे, म्हणजे रनफ्लॅट नसलेले, चांगल्या प्रतीचे टायर घेऊन डिकीत हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट ठेवणे. यात निवडीला वाव अधिक आहे, आणि मला सांगितलेल्या भावांनुसार रनफ्लॅटचा संच साध्या संचाच्या जवळजवळ दीडपट पडतो. मात्र मी बहुतेक रविवारी ताम्हिणीला जातो, आणि घाटाच्या काही वळणांवर मोबाइलला रेंज नसते. तिथे टायरची भिंतच फाटली, तर कॉम्प्रेसर काय करणार?

तिसरा मार्ग माझ्या एका मित्राने सुचवला आणि तो डोक्यातून जात नाही. चारही बाजूंना १७ इंची चाके घेऊन त्यांवर २२५/४५ आर १७ टायर चढवायचे. आकडेमोड करून पाहिली, तर बाहेरचा एकूण व्यास सध्याच्या पुढच्या टायरचा ६३७ मिलिमीटर, मागच्याचा ६३६ आणि या नव्या मापाचा ६३४ येतो, म्हणजे वेगमापक जवळपास तेच दाखवील. भिंत मात्र १०१ मिलिमीटरची होते, खड्ड्यासाठी एक सेंटिमीटरहून थोडे जास्त रबर मिळते, आणि चारही टायर एकाच मापाचे झाल्याने पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात. तोटा असा की मागची रुंदी ३० मिलिमीटरने घटते, आणि या इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन मीटर आहे. गाडी थोडी केविलवाणी दिसेल, ती बाब वेगळी.

एका टायर दुकानात चौकशी केली, तेथील अनुभवही लिहितो. पुढच्या मापाचा टायर शिल्लक नव्हता, म्हणून त्यांनी २२५/४५ आर १८ घ्या, “पाचाचाच तर फरक आहे साहेब” असे सुचवले. तो पाचाचा फरक व्यासात साडेतीन टक्क्यांचा होतो, हे घरी येऊन मोजल्यावर कळले. बजेट कमी असेल तर सध्या दोनच नवे घेऊन पुढे टाका, असा सल्लाही त्यांनी जाता जाता दिला.

गाडी महिन्याला सुमारे ५०० किलोमीटर चालते. त्यातले अर्धे शहरात, उरलेले घाटात आणि द्रुतगती मार्गावर. रेसट्रॅकवर मी कधी जाणार नाही. पावसातली पकड मला सर्वांत महत्त्वाची वाटते, त्यानंतर रिम वाचणे, मग आवाज. टायर किती किलोमीटर टिकतो हा मुद्दा माझ्या बाबतीत गौण आहे, कारण तो झिजण्याआधी म्हातारा होणार. ज्यांनी अशा गाडीचे रनफ्लॅट काढून साधे टायर बसवले आहेत, त्यांनी अनुभव सांगावा, आणि १७ इंची चाके या मॉडेलच्या पुढच्या ब्रेकला घासत नाहीत ना, हे कोणी प्रत्यक्ष बसवून पाहिले असल्यास तेही कळवावे, ही विनंती.

प्रतिसाद – घाटमाथा

आधी दुकानदाराच्या दोन्ही सूचना बाजूला ठेवा. २२५/४५ आर १८ फक्त पुढे टाकला, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण बदलते, आणि एबीएस व ट्रॅक्शन कंट्रोल त्याच फेऱ्या मोजून निर्णय घेतात. दोनच नवे टायर घ्यायची वेळ आली, तर ते नेहमी मागे जातात, गाडी कोणतीही असो. पुढची चाके पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाते आणि आपण पाय उचलतो. मागची तरंगली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमते. बावधनला तुम्ही त्याचा छोटा नमुना पाहिलाच आहे.

मी माझ्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या जर्मन गाडीचे रनफ्लॅट तीन वर्षांपूर्वी काढले आणि पश्चात्ताप झालेला नाही. या गाड्यांचे सस्पेन्शन रनफ्लॅट गृहीत धरून बसवलेले असते, त्यामुळे साधे टायर टाकल्यावर पहिले काही दिवस सुकाणू किंचित सैल वाटते, मग सवय होते. दोन प्रकारांची सरमिसळ मात्र करू नका. चारही एकाच जातीचे आणि एकाच नक्षीचे घ्या.

१७ इंची चाकांबद्दल सांगायचे, तर याच पिढीच्या कमी ताकदीच्या झेड-फोरला कंपनी चारही बाजूंना २२५/४५ आर १७ देत असे, म्हणजे माप परके नाही. अरुंद टायर पाणी कापतोही चांगले. पण तुमच्या इंजिनाला मागे २५५ची रुंदी कोरड्या रस्त्यावर रोज उपयोगी पडते, आणि नव्या चाकांचा खर्च वेगळाच. मी असतो, तर दुसरा मार्ग धरला असता : त्याच मापांत एक्सएल, म्हणजे जादा भाराच्या बांधणीचे टायर. त्यांचा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, बहुधा पुढे ९२ आणि मागे ९४ मिळतो, म्हणजे एका टायरला अनुक्रमे ६३० आणि ६७० किलो. तुमच्या सध्याच्या टायरांवर ८८ आणि ९० असावेत, म्हणजे ५६० आणि ६००. भारांक जुन्याहून कमी कधीच घेऊ नये. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ या दोन्ही मापांत निघतो. भारतात आज शिल्लक आहे का, हे दुकानात विचारावे लागेल. जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात सरकारने परवान्याखाली आणली, तेव्हापासून अशा मापांसाठी वाट पाहणे हा छंदाचाच भाग झाला आहे. वाट पाहावी, पण माप बदलू नये.

आणि नवे टायर चढवण्याआधी मागच्या चाकांचे अलाइनमेंट तपासा, पुढच्यांचे पाहून सोडू नका. आतली कड दोन मिलिमीटरवर येते, तेव्हा दोष टायरचा नसतो. मागचे चाक मुळातच वरून आत झुकलेले असते. त्यात टो, म्हणजे चाक सरळ रेषेपासून आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन, बिघडला की नवा संचही वर्षभरात आतून गोटा होईल आणि बाहेरून तुम्हाला नवाच दिसेल.

प्रतिसाद – रातराणी

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. मला कामामुळे आठवड्यातून दोनदा रात्री उशिरा एकटीने द्रुतगती मार्गावरून यावे लागते. मागच्या वर्षी खालापूर टोलनाक्याच्या अलीकडे मागचा उजवा टायर बसला, आणि रनफ्लॅट असल्यामुळे मी न थांबता ताशी ६०च्या वेगाने थेट घर गाठले. अंधारात, पावसात, मालमोटारींच्या रांगेशेजारी वाकून कॉम्प्रेसर जोडण्याची कल्पना करून पाहा, आणि मग मणक्याचा हिशेब मांडा. तो टायर पुढे दुरुस्त करून वापरला नाही हे खरे; हवेविना चालल्यावर आतून भिंत किती भाजली आहे ते बाहेरून कळत नाही. पण तेवढे पैसे त्या रात्रीचे म्हणून मी आनंदाने दिले. तुमची गाडी रविवारची आहे, त्यामुळे तुमचे उत्तर वेगळे असू शकते, हे मान्य.

प्रतिसाद – घाटमाथा

रातराणी यांचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यांच्या जागी मीही रनफ्लॅटच ठेवले असते. धागाकर्त्यांसाठी एवढेच : स्टेपनी नसण्याची कायद्याने अडचण नाही. जुलै २०२० मध्ये नियम बदलून ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट दिली आहे. मात्र रनफ्लॅट गेले की ती सूचना देणारी यंत्रणा तुमचा एकमेव पहारेकरी ठरते. टायर बदलल्यावर आणि दर वेळी हवा भरल्यावर ती रिसेट करायला विसरू नका. पंपावरचा मुलगा “बत्तीस करू का?” असे विचारील, त्याला दरवाजाच्या चौकटीवरचा तक्ता दाखवा, पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असू शकतो, आणि तो थंड टायरचा असतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल अलाइनमेंट करून घेतले. छापील कागदावर मागच्या दोन्ही चाकांचा टो लाल चौकटीत, म्हणजे मर्यादेबाहेर, होता, उजव्याचा डाव्याच्या जवळपास दुप्पट. आता दोन्ही हिरव्यात आहेत. मेकॅनिकने जुना टायर उलटा करून आतली कड दाखवली, तेव्हा एका जागी रबराखालचे विणकाम पांढुरके डोकावत होते. माझा मापक त्या जागी पोचलाच नव्हता. त्या टायरवर मी मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन आलो होतो.

१७ इंची चाकांचा विचार सोडला आहे. साधे एक्सएल टायर, मूळ मापांतच घेत आहे. पुढची जोडी पुण्यात मिळाली, मागची दुसऱ्या शहरातून यायला बारा दिवस लागतील, तोवर गाडी जागची हलणार नाही. रातराणी यांचे वाचून बायकोने एक अट घातली आहे की ही गाडी रात्री नऊनंतर घाटात न्यायची नाही, आणि मी ती मान्य केली आहे. डिकीत कॉम्प्रेसर, पंक्चर बुजवायच्या स्ट्रिपचे किट, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा टॉर्च ठेवला आहे.

दुकानदाराला आगाऊ रक्कम देताना पावतीवर लिहून घेतले की टायर एका वर्षाहून जुने असल्यास परत केले जातील. त्यांनी थोडे नाक मुरडले, पण लिहून दिले. एकच शंका उरते : नव्या टायरांच्या पृष्ठभागावर साच्याचा बुळबुळीतपणा असतो आणि तो घासून जाईपर्यंत जपून चालवावे, असे ऐकले आहे. टायर चढतील ते ऐन पावसात. तेव्हा पहिले दोन-तीनशे किलोमीटर शहरातच हळू काढावेत, की पावसाची उघडीप पाहून सातारा रस्त्याने सलग एक फेरी मारून आणावी?