सल्ला हवा: विज्ञान-साहसकादंबऱ्या आणि त्यांवरचे सिनेमे, मुलांसाठी कुठल्या जोड्या घ्याव्यात?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतली आठवी-नववीतली मुलं मे महिन्यात दर शनिवारी आमच्याकडं जमणार आहेत. एक विज्ञान-साहसकादंबरी वाचायची, तिच्यावरचा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा आणि मग बोलायचं, असं ठरलंय. चार शनिवार मिळतील. निम्मी मुलं मराठी माध्यमाची आहेत. इंग्रजी वाचतात, पण जाडजूड पुस्तक हातात आलं की अडखळतात. डायनासोरचे सिनेमे सगळ्यांनी पाहिलेत, त्यापलीकडं कुणी गेलेलं नाही.

कुठल्या जोड्या घ्याव्यात? आधी पुस्तक की आधी सिनेमा? आणि "पुस्तकच भारी होतं" एवढ्यावर चर्चा संपू नये यासाठी काय करावं? मी ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेली. अलीकडचं फारसं वाचलेलं नाही. शक्यतो शेवट फोडू नका, मुलंही हा धागा वाचणार आहेत.

पंचगंगा घाट

ताई, डायनासोरपासूनच सुरुवात करा की. मुलांनी पाहिलंय म्हणून सोडू नका, पाहिलंय म्हणूनच घ्या. मायकेल क्रायटनची 'ज्युरासिक पार्क' १९९० ची, स्पीलबर्गचा सिनेमा १९९३ चा. आपल्याकडं हिंदीत डब होऊन १९९४ ला आला आणि गावोगावी चालला.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या जोडीत दिसतं. पार्कातले सगळे प्राणी माद्या आहेत, त्यामुळं पिल्लं होणं शक्यच नाही, असं पार्कवाले छातीठोकपणे सांगतात. हे खोटं आहे ते आपल्याला कसं कळतं? कादंबरीत संगणक बेटावरचे प्राणी मोजत असतो. पण त्याला जितके शोधायला सांगितलेत तितके सापडले की तो मोजणं थांबवतो. प्राणी कमी झाले तर लगेच कळेल, वाढले तर कळणारच नाही. पार्क बघायला आलेला गणितज्ञ माल्कम म्हणतो, अपेक्षित आकडा वाढवून बघा. आकडा वाढवतात, आणि संगणक जास्तीचे प्राणीही शोधून दाखवतो. पानावर नुसता तक्ता आहे, पण तो वाचताना अंगावर काटा येतो. ज्यांनी ही यंत्रणा उभी केली त्यांनी नको तो प्रश्न यंत्राला कधी विचारलाच नव्हता.

सिनेमात हा तक्ता नाही. तिथं डायनासोरांचा अभ्यासक असलेल्या ग्रँटला रानात अंड्यांची फुटकी टरफलं दिसतात आणि तेवढ्यात सगळं कळतं. गोष्ट एकच, पण कळण्याची वाट वेगळी. मुलांना एवढंच विचारा: पुस्तकात हे आपल्याला कशातून कळलं आणि पडद्यावर कशातून? हा प्रश्न प्रत्येक जोडीला लावता येतो, आणि त्याचं उत्तर "पुस्तक भारी" असं देताच येत नाही.

एक सावधगिरी. कादंबरीत रक्तपात सिनेमापेक्षा बराच जास्त आहे. आठवीच्या मुलांना सगळं पुस्तक देऊ नका, तुम्ही वाचून प्रकरणं निवडा. पार्क उभारणाऱ्या हॅमंडकडं मात्र लक्ष द्यायला सांगा. पडद्यावर तो प्रेमळ आजोबा आहे, पुस्तकात पैशापुढं काहीही न दिसणारा धंदेवाला. त्यामुळं पुस्तकात झालेल्या अनर्थाचा राग येतो आणि सिनेमात वाईट वाटतं.

मंगळवार पेठ

व्हर्न आवडतो म्हणालात, मग पाणबुडीतल्या कॅप्टन नेमोला घ्याच. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' १८७० ला पुस्तकरूपात पूर्ण झाली. डिस्नीचा सिनेमा १९५४ चा. जेम्स मेसन नेमो आणि कर्क डग्लस नेड लँड. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, त्यामुळं भाषेचीही अडचण नाही. भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. १८५० पासूनची संस्था आहे, जुन्या मराठी बालसाहित्यासाठी मी पहिल्यांदा तिथंच जातो.

राक्षसी माकुळाशी झुंज होते तो प्रसंग दोन्हीकडं बघण्यासारखा आहे. कादंबरीत माकुळांचा जथाच येतो, सिनेमात एकच. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर यांनी तो प्रसंग आधी शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात चित्रित केला होता. पण त्या उजेडात यांत्रिक माकूळ खोटं दिसायला लागलं. मग रात्र, वादळ आणि लाटा घालून सगळं पुन्हा चित्रित केलं, आणि त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. म्हणजे आपल्याला जे वादळ थरारक वाटतं ते यंत्र झाकायला आलेलं आहे. हे मुलांना सिनेमा बघून झाल्यावर सांगा, लगेच दुसऱ्यांदा बघतील.

आता मला मनापासून सलणारी गोष्ट. पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये व्हर्ननं सांगितलंय की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या लढ्यात उतरलेला आणि त्यात घरदार गमावलेला. डिस्नीच्या सिनेमात यातलं काही नाही. तिथं तो कैद्यांच्या छळछावणीतून सुटलेला माणूस आहे. त्याचा राग आहे, पण तो राग कुणावर आणि कुठून आला हे पुसलं गेलं. 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या २००३ च्या सिनेमात नसीरुद्दीन शाह नेमो झाले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, सिनेमा कसा का असेना. हे गुपित मी फोडलं हे खरं, पण आपल्या मुलांनी नेमो वाचताना तो आपला माणूस आहे हे ठाऊक असूनच वाचावं असं मला वाटतं.

शिवाजी पेठ

ड्यून घ्या की ड्यून! २०२१ आणि २०२४ चे दोन्ही भाग म्हणजे नादखुळा काम हाय. मोठ्या पडद्यावर तो वाळूतला किडा वर येतो तेव्हा खुर्ची धरून बसलो होतो.

कळंबा रोड

शिवाजी पेठवाले भाऊ, सिनेमे सुंदरच आहेत. पण फ्रँक हर्बर्टची कादंबरी (१९६५) प्रचंड आहे, आणि अर्धी पात्रं मनातल्या मनात डाव रचत असतात. चार शनिवारांत आठवीच्या मुलांकडून ती होणार नाही. बारावीनंतर जरूर.

ताई, मी भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. माझ्या मते पहिल्या शनिवारी एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' (१८९५) ठेवा. छोटी आहे, शंभरेक पानांची. आठवीचं मूल आठवड्यात आरामात संपवेल. जोडीला जॉर्ज पालचा १९६० चा सिनेमा, रॉड टेलर असलेला. २००२ चा नको. तो वेल्स यांच्या पणतूनं, सायमन वेल्सनं केला आहे, पण त्यात मूळ कल्पनेपेक्षा प्रेमकथेचंच ओझं जास्त.

पंचगंगा घाट यांचा प्रश्न इथं लावून बघा. काळ वेगानं पुढं सरकतोय हे दाखवायचं कसं? वेल्स लिहितात की दिवस-रात्र फडफडत जाऊन नुसता करडा उजेड उरतो आणि सूर्याचा आकाशात एक पट्टा होतो. पालनी त्याला जोड दिली ती समोरच्या दुकानाच्या काचेतल्या पुतळीची. पुतळी तीच, पण अंगावरचे कपडे झरझर बदलत जातात. साठ-सत्तर वर्षांचा काळ एका दुकानाच्या काचेत मावतो! मी वर्गात सापेक्षतावादाची तोंडओळख करून देताना हा प्रसंग नेहमी सांगायचो, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

सिनेमानं गमावलंय तेही मोठं आहे. कादंबरीतला प्रवासी इ.स. ८,०२,७०१ च्याही पुढं, पृथ्वीच्या म्हातारपणापर्यंत जातो. ती दोन-तीन पानं विज्ञानकथेतली सर्वांत एकाकी पानं असतील. सिनेमात ती नाहीतच. उलट सिनेमा वाटेत १९१७, १९४० आणि १९६६ ला थांबतो, आणि तिन्ही ठिकाणी युद्ध. १९६० सालच्या प्रेक्षकाला अणुबाँबची भीती होती, वेल्सच्या वाचकाला गरीब-श्रीमंतांमधल्या दरीची. प्रत्येक सिनेमा आपल्या काळाची भीती पुस्तकात घालतो, आणि मला वाटतं त्यात गैर काही नाही.

राजारामपुरीकर

सर, पहिला शनिवार ठरला! पण आधी वाचायचं की बघायचं? घरातच दोन तट पडलेत.

कळंबा रोड

सगळ्यांना एकच नियम लावू नका. ज्या पुस्तकाचं बळ कल्पनेत आहे ते आधी वाचावं, कारण एकदा दुसऱ्याचं चित्र डोळ्यांत बसलं की स्वतःचं उमटत नाही. टाइम मशीन आणि नेमो म्हणून आधी वाचा. ज्या पुस्तकाचं बळ "हे कसं केलं" या तपशिलात आहे, त्याचा सिनेमा आधी बघितला तरी काही बिघडत नाही, उलट वाचताना हुरूप येतो. ज्युरासिक पार्क त्यातलं, आणि अँडी वीअरचं 'द मार्शन' सुद्धा.

शिवाजी पेठ

सर, मार्शन मी सुचवणारच होतो! मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे लावतो. सिनेमा २०१५ चा, रिडली स्कॉटचा. पुस्तक म्हणजे बहुतेक त्याची रोजची नोंदवही. सिनेमात तो कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, म्हणजे नोंदवहीचंच केलंय ते. पुस्तकात शेवटच्या टप्प्यातला रोव्हरचा प्रवास लई मोठा आणि लई अवघड आहे, सिनेमात तो पटकन उरकलाय. शिव्या मात्र पहिल्या ओळीपासून आहेत ताई, तेवढं बघा.

कळंबा रोड

बरोबर. आणि सुरुवातीचं वादळ मुलांकडूनच तपासून घ्या. मंगळाचं वातावरण पृथ्वीच्या सुमारे एक टक्का दाबाचं. तिथला वारा कितीही वेगात असला तरी यान कलंडवण्याइतका जोर त्यात येत नाही. लेखकानं हे स्वतः मान्य केलंय, कथेला सुरुवात हवी म्हणून ठेवलंय. बाकी हिशेब इतके चोख असताना ही एक सूट का घ्यावी लागली, यावर नववीची मुलं तासभर भांडतील.

ताराबाई पार्क

सगळे बाहेरचेच सांगताय, म्हणून लिहिते. जयंत नारळीकर जन्मले आपल्या कोल्हापुरात, १९ जुलै १९३८ ला. गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला ते गेले. मे महिन्यात मुलं जमणार आणि नारळीकर नसणार हे मला पटत नाही.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. इतिहासाचे एक प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतात जिथं पानिपतावर मराठे जिंकलेत. कथेचा कणा कुठं आहे बघा: हा माणूस ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड चाळतो, आपला इतिहास आणि हा इतिहास कुठं फाटा फुटून वेगळे झाले ते शोधत जातो, आणि शेवटी विश्वासरावांपाशी येऊन थांबतो. वाचताना श्वास रोखला जातो. पण हे पडद्यावर दाखवायचं कसं? माणूस पुस्तक वाचतोय एवढंच तर दिसणार!

हेच मुलांना करायला द्या. तयार सिनेमा बघायच्या ऐवजी त्यांनी या एका प्रसंगाची पटकथा लिहायची. कुणी पानिपतची लढाई दाखवेल, कुणी शहरातल्या पाट्या आणि झेंडे बदलेल, कुणी नुसता त्या माणसाचा चेहरा दाखवेल. दिग्दर्शकाला काय निवडावं लागतं आणि काय सोडावं लागतं ते तेव्हा खरं उमजतं. आमच्या भिशीतल्या बायकांनी हा खेळ करून पाहिलाय आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या होत्या. मुलांना तर कल्पना सुचतच राहतील.

पंचगंगा घाट

ताराबाई पार्क ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक नंबर.

मी अजून एक सुचवतो. आर्थर कॉनन डॉइलची 'द लॉस्ट वर्ल्ड' (१९१२) आणि तिच्यावरचा १९२५ चा मूकपट. विलिस ओब्रायननं छोट्या प्रतिकृती एकेक चौकट हलवून डायनासोर चालवलेत. पुस्तकात लंडनला उडणारा टेरोडॅक्टिल येतो, सिनेमात त्याच्या जागी भला मोठा ब्रॉन्टोसॉरस रस्त्यावरून फिरतो. का बदललं असेल, मुलं लगेच सांगतील. आणि मूकपट असल्यामुळं मराठी-इंग्रजी माध्यमाचा प्रश्नच येत नाही. पाट्या तुम्ही मराठीत वाचून दाखवा.

मंगळवार पेठ

१९२५ म्हणजे आपल्या बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' आला तेच साल! तिकडं लंडनमध्ये डायनासोर सोडत होते आणि इथं महाराष्ट्र फिल्म कंपनीत कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट चित्रित होत होती, तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी. मुलांना हे नक्की सांगा ताई. आपलं गाव त्या काळात सिनेमा शिकत नव्हतं, सिनेमा घडवत होतं.

राजारामपुरीकर

मंडळी, मन भरून आलं. आता असं ठरवलंय: पहिला शनिवार टाइम मशीन, दुसरा नेमो, तिसरा 'लॉस्ट वर्ल्ड'चा मूकपट आणि ज्युरासिक पार्कातली निवडक प्रकरणं एकत्र, चौथा नारळीकर आणि मुलांच्या पटकथा. मार्शन नववीतल्या ज्यांना हवं त्यांनी जूनपर्यंत घरी वाचावं. एकच शंका उरली. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'बद्दल एका मुलानं विचारलंय. घ्यावं का?

कळंबा रोड

पिएर बूल यांची फ्रेंच कादंबरी १९६३ ची, सिनेमा १९६८ चा. दोन्हींचे शेवट वेगळे आहेत आणि दोन्ही जबरदस्त, म्हणून इथं एक अक्षरही लिहीत नाही. कादंबरीतल्या वानरांकडं मोटारी आणि विमानं आहेत, सिनेमातली वानरं घोड्यांवरून फिरतात. त्या मुलाला सांगा, इंटरनेटवर काही शोधू नकोस आणि सिनेमाचं पोस्टरसुद्धा बघू नकोस, कारण बऱ्याच पोस्टरांवर शेवटच छापलेला असतो. पुस्तक माझ्याकडं इंग्रजीत आहे. रविवारी सकाळी कळंब्याला फिरायला येतो तेव्हा सोबत आणेन, तिथं येऊन घेऊन जा.