वर्गसमीकरणाचे अवयव डोक्यातल्या डोक्यात कसे पाडायचे? (बँक परीक्षा)

स्नेहल_भांडुप
नमस्कार. आयबीपीएस क्लार्कच्या पूर्व परीक्षेची तयारी करतेय. दहावीत अवयव पाडायला शिकलेय, रीत येते, पण वेळ पुरत नाही. गणिताच्या विभागाला २० मिनिटं, आणि त्यात दोन समीकरणं देऊन क्ष मोठा की य मोठा ते विचारतात. सराव पेपरातलं हे बघा:

१२क्ष² − ४७क्ष + ४० = ०
४य² − ९य + ५ = ०

दुसरं लगेच सुटतं. पहिल्यात १२ × ४० = ४८०, आता ४८०चे असे दोन अवयव हवेत की बेरीज ४७. २ × २४०, ३ × १६०, ४ × १२०... एवढ्यात मिनिट जातं. सराव मी ऑफिसला जाताना लोकलमध्ये करते. भांडुपला चढल्यावर वही उघडायला जागा नसते, म्हणून तोंडी जमेल अशी रीत हवीय. चुकलं की पाव गुण जातो, त्यामुळे अंदाजाने ठोकायचं नाहीये.

परळचे_मास्तर
स्नेहल, ४८० हा गुणाकार करूच नकोस. १२ आणि ४० मूळ अवयवांत मोड: २·२·३ आणि २·२·२·५. म्हणजे हातात पाच वेळा २, एक ३, एक ५.

आता ४७कडे बघ. विषम आहे. दोन संख्यांची बेरीज विषम, तर एक सम आणि एक विषम असणारच. विषम संख्येत २ हा अवयव एकदाही येत नाही, म्हणून पाचही २ दुसऱ्या संख्येत गेले पाहिजेत. झाले ३२. उरले ३ आणि ५, त्यांचे १५. ३२ + १५ = ४७. शोधाशोध नाहीच!

१२क्ष² − १५क्ष − ३२क्ष + ४० = ०
३क्ष(४क्ष − ५) − ८(४क्ष − ५) = ०
(४क्ष − ५)(३क्ष − ८) = ०

क्ष = ५/४ किंवा ८/३. दुसऱ्यातही तेच: २० म्हणजे २·२·५, बेरीज ९ विषम, म्हणून ४ आणि ५. य = १ किंवा ५/४. क्षची लहान किंमत यच्या मोठ्या किमतीएवढी, तेव्हा उत्तर क्ष ≥ य. इथे घाईत 'क्ष > य' वर टिक करणारी मुलं मी फार पाहिलीत. चारही किमती शेजारी ठेवून बघायच्याच.

परळला आमच्या चाळीत संध्याकाळी मुलं गणिताला बसतात. त्यांना मी आधी चिन्हं वाचायला लावतो. क्ष²चा सहगुणक धन आणि शेवटचं पद ऋण असेल तर एक मूळ धन, एक ऋण. दोन्ही समीकरणांत असं असेल तर अवयव पाडायचेच नाहीत. क्षचं धन मूळ यच्या ऋण मुळापेक्षा मोठं, आणि क्षचं ऋण मूळ यच्या धन मुळापेक्षा लहान. 'संबंध ठरवता येत नाही' हा पर्याय निवड आणि पुढे जा. वाचलेला तो वेळ आकडेमोडीच्या प्रश्नांना लागतो, बाळा.

मुलुंडकर_८८
मास्तरांची रीत छान. एक भर घालतो: क्ष² = ५क्ष असं आलं तर दोन्ही बाजूंना क्षने भागू नका, ० हे मूळ हरवतं. क्ष(क्ष − ५) = ० करा. आणि क्ष² = १४४ असेल तर क्ष = १२ किंवा −१२, पण क्ष = √१४४ असेल तर फक्त १२. या एका चिन्हावर उत्तर बदलतं.

स्नेहल_भांडुप
मास्तर, खूप आभार! ६क्ष² − १९क्ष + १५ = ० करून बघितलं: २·३ आणि ३·५, बेरीज विषम. २ एकीकडेच राहणार, म्हणून १० आणि ९. तोंडी आलं! पण बेरीज सम असेल तर काय करायचं? ३क्ष² − २२क्ष + ४० = ० मध्ये?

परळचे_मास्तर
गुणाकार सम आणि बेरीजही सम, तर दोन्ही संख्या सम. मग दोघींतून एकेक २ बाहेर काढ: गुणाकाराला ४ने भाग, बेरजेला २ने. १२०चे ३०, २२चे ११. आता बेरीज विषम झाली, पण २ एकच उरला आणि सोबत ३, ५. ६ आणि ५ जमतात. काढलेले २ परत दे: १२ आणि १०. क्ष = ४ किंवा १०/३. भागल्यावरही बेरीज सम आली आणि गुणाकारही सम राहिला, तर पुन्हा तेच कर.