पापण्या आणि भुवयांची सर्जरी झालीये, एक डोळा मोठा एक बारीक दिसतोय. नॉर्मल आहे का?

शेवंती_पुणे
नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे, घरात कोणाशी धड बोलता येत नाही म्हणून इथे विचारतेय. वय ५४. माझ्या वरच्या पापण्यांची कातडी गेल्या काही वर्षांत इतकी लोंबायला लागली होती की संध्याकाळी वाचताना कपाळ वर ओढून ओढून डोकं दुखायचं आणि फोटोत तर कायम झोपमोड झाल्यासारखी. शेवटी हो-नाही करत वरच्या पापण्यांची ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे जादा कातडी कापून काढायची सर्जरी, आणि सोबत भुवया उचलायची पण, म्हणजे ती एंडोस्कोपिक ब्राऊ लिफ्ट, केसांच्या आत छोटे छेद देऊन करतात ती, असं दोन्ही एकदमच उरकून घेतलं. पापण्यांचे टाके परवा निघाले, डोक्यातले स्टेपल अजून आहेत.

आता प्रॉब्लेम असा की उजवा डोळा डाव्यापेक्षा चांगलाच सुजलेला आहे, दोन्ही सारखे दिसतच नाहीयेत. भुवया इतक्या वर गेल्यात की आरशात बघितलं की वाटतं कोणीतरी दचकवलंय मला, नवरा सकाळी चहा देताना दोनदा विचारतो काय झालं म्हणून. टाळूपर्यंत डोकं बधिर, कंगवा फिरवला तर कळतच नाही. आणि रात्री पापणी पूर्ण मिटत नाही बहुतेक, कारण सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि दिवसभर पाणी. सर्जनना फोन केला तर म्हणाले सगळं ठीक चाललंय, वेळ द्या. अहो पण किती वेळ? पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, मी सख्खी मावशी, तोंड लपवून कुठे बसू. सासूबाई रोज म्हणतात साजूक तूप आणि हळद लाव, उतरेल. लावू का?

ठाण्याची_माहेरवाशीण
अगं शेवंतीताई घाबरू नकोस, मी हेच दोन्ही करून घेतलंय काही वर्षांपूर्वी. दोन डोळे सारखे सुजत नाहीत हे पहिलं डोक्यात पक्कं कर. ज्या कुशीवर झोपतेस त्या बाजूचा डोळा सकाळी जास्त फुगतो, म्हणून दोन उशा घेऊन उताणी झोप, डोकं छातीच्या वर राहिलं पाहिजे. काळंनिळं पण खाली सरकतं, डोळ्यावरून गालावर येतं आणि पिवळं होत होत जातं, ते गालावर आलं की बायका घाबरतात की पसरतंय पण ते उतरतंय. ढोबळ सूज आणि काळेपणा साधारण दोन आठवड्यांत कमी होतो, मग उरते ती बारीकशी सूज, ती आपल्यालाच दिसते, लोकांना नाही. ती जायला महिने लागतात आणि टाक्यांची गुलाबी रेघ पूर्ण फिकी व्हायला सहा महिने ते वर्ष. पण ती पापणीच्या घडीत असते, डोळा उघडा असताना दिसत नाही.

दचकल्यासारखं दिसणं तर ब्राऊ लिफ्टवाल्या प्रत्येकीला दिसतं असं म्हणायला हरकत नाही. सुजेमुळे भुवई असते त्यापेक्षा वर वाटते, शिवाय नंतर थोडी खाली बसणार हे सर्जनने धरलेलंच असतं. आता ती नेमकी कुठे बसली ते बघायला दोन-तीन महिने तरी थांब, तोवर आरसा कमी बघ आणि मोबाईलचा सेल्फी कॅमेरा तर अजिबात नको, तो नाक मोठं आणि डोळे वाकडे दाखवतो धडधाकट माणसाचे पण.

बधिरपणाचं सांगते. कपाळाची नस भुवईपासून निघून टाळूपर्यंत जाते, ती ताणली जाते त्यामुळे बधिर वाटतं. परत येताना मुंग्या येतात आणि मग खाज सुटते, इतकी खाज की भर मीटिंगमध्ये वेड लागायची वेळ. खाज म्हणजे नस जागी होतेय. पण खाजवू नकोस आणि गरम हेअर ड्रायर अजिबात नको, बधिर कातडीला चटका कळत नाही, माझ्या ओळखीतल्या एकीला फोड आला तेव्हा कळलं. मेंदी आणि हेअर कलर पण जखमा पूर्ण भरल्याशिवाय नाही, सर्जनना विचारून मगच.

तूप-हळद: नको म्हणजे नको. सासूबाईंना सांग डॉक्टरांनी शपथ घातलीये.

ऑप्टो_नागपूर
मी डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि नंबर तपासणारा आहे, सर्जन नाही, तेवढं धरून वाचा.

पापणी पूर्ण न मिटणं सुरुवातीला होतं कारण कातडी कमी केलेली असते, वर सूज, आणि पापणी मिटणारा स्नायू काही दिवस आळशी होतो. उघड्या राहिलेल्या फटीतून बुबुळ कोरडं पडतं, म्हणून वाळू, आणि कोरडेपणावर उपाय म्हणून डोळा स्वतःच पाणी सोडतो. म्हणजे पाणी येतंय तरी डोळा कोरडाच आहे. दिवसा आर्टिफिशियल टिअर्सचे थेंब, दिवसातून बऱ्याचदा टाकायचे असतील तर बिना प्रिझर्व्हेटिव्हचे, आणि झोपताना जेल किंवा मलम. मलमाने धूसर दिसणारच. पंखा किंवा एसी थेट तोंडावर नको. पण ताई, रात्री किती मिटतोय हे फोनवर कोणाला कळणार? नवऱ्याला झोपेत टॉर्च न मारता एक फोटो काढायला सांगा, फट किती दिसते बघा, आणि तो घेऊन सर्जनकडे जा. बुबुळावर ओरखडे आहेत का ते स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या मशीनवर, पाच मिनिटांत दिसतं. हे दुखणं अंगावर काढू नका.

अजून एक, चिठ्ठीवर जे स्टेरॉइडचे थेंब असतील ते सांगितले तेवढेच दिवस. मेडिकलवाला बाटली बघून दुसरी देतो आणि लोक महिनोन् महिने टाकत बसतात, काहींचं डोळ्याचं प्रेशर त्याने वाढतं आणि कळत पण नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नको. आणि उलटं पण सांगतो, हे वाचून कोणी सर्जरीच्या आधी हृदयाची रक्त पातळ करायची गोळी आपली आपण बंद करू नका, ते हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता जे खरंच घाबरायचं. अचानक एका डोळ्यात जोराचं दुखणं, डोळा दगडासारखा टणक होऊन पुढे आल्यासारखा, आणि दिसायला कमी. डोळ्यामागे रक्त साठून नजरेच्या नसेवर दाब येतो. फार क्वचित होतं, आणि होतं ते बहुतेक पहिल्या २४ तासांत, म्हणजे तुमची ती वेळ टळलीये, पण तसं काही वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला पण इमर्जन्सीत जायचं, कारण हातात काही तासच असतात. ताप, पू, लाल गरम पापणी असेल तर त्याच दिवशी दाखवा. रोज एक-एक डोळा झाकून पेपरची बारीक अक्षरं वाचायची सवय ठेवा. उघडझाप केल्यावर स्वच्छ होणारा धूसरपणा मलमाचा किंवा पाण्याचा, न होणारा असेल तर फोन करा.

खडूस_काका
वय झालं की कातडी लोंबणारच. आमच्या आईने नऊवारीत आयुष्य काढलं, तिला कोणी सांगितलं नाही पापण्या शिवून घे. पैसे जास्त झालेत लोकांना.

ठाण्याची_माहेरवाशीण
काका, मोतीबिंदू पण वयानेच होतो, तो ठेवताय का तसाच?

जर्सीची_वैदर्भी
काकांना काय उत्तर द्यायचं. लोंबती पापणी खरंच नजरेच्या वरचा भाग झाकते, गाडी चालवताना सिग्नल दिसायला मान वर करावी लागते. इकडे अमेरिकेत माझी हीच सर्जरी झाली तेव्हा इन्शुरन्सने आधी मशीनवर नजरेचा आवाका तपासायला लावला, एकदा पापण्या आहेत तशा आणि एकदा चिकटपट्टीने वर चिकटवून, वर फोटो पण मागितले, आणि फरक पुरेसा दिसला म्हणून पापण्यांचे पैसे दिले. भुवयांचं म्हणाल तर मी केलंच नाही.

भुवयांबद्दल एक गंमत मात्र मला सर्जनने आधीच सांगितली होती. पापणी जड असते तोवर आपण नकळत कपाळाने भुवया उचलून धरतो, पापणी हलकी झाली की मेंदू ते काम सोडून देतो आणि भुवया खाली येतात. म्हणून काहींना फक्त पापण्या केल्या की भुवई बसल्यासारखी वाटते. शेवंती, तुझ्या डॉक्टरांनी दोन्ही एकदम केलं ते त्यामुळे असेल कदाचित.

क्लेमवाला
भारतात इन्शुरन्सचं विचारणार असाल तर, आयआरडीएआय म्हणजे इन्शुरन्सवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या स्टँडर्ड एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे पॉलिसीत न मिळणाऱ्या खर्चांच्या ठरलेल्या यादीत, कोड ८ म्हणजे कॉस्मेटिक सर्जरी, त्याचे पैसे मिळत नाहीत. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती असेल, किंवा तब्येतीसाठी गरजेचं आहे असं डॉक्टरने लिहून दिलं असेल तरच. निव्वळ सौंदर्यासाठी केलं तर बिलावर १८% जीएसटी पण लागतो. त्यामुळे नजरेला अडथळा येत होता असेल तर रिपोर्ट सर्जरीच्या आधीचा लागतो, नंतर पापणीच उरत नाही दाखवायला.

शेवंती_पुणे
सगळ्यांचे खूप आभार, काकांचे पण, निदान वाचलंत तरी. आज दाखवून आले. बुबुळावर थोडा कोरडेपणा निघाला उजवीकडे, रात्रीचं मलम दिलंय आणि झोपताना पापणीवर कागदी टेप लावायची, लावायची पद्धत नर्सने दाखवली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्याची फुगी पण आहे म्हणाले, त्यानेच तो डोळा जास्त सुजलेला दिसतोय, थेंबांनी उतरेल. स्टेपल पुढच्या आठवड्यात काढणार.

आता लग्नाचं सांगा. मेकअप कधीपासून चालेल? आणि चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतोय, नवीन फ्रेम पण घ्यायची होती लग्नासाठी.

ठाण्याची_माहेरवाशीण
डोळ्यांचा मेकअप साधारण दोन आठवड्यांनी चालतो पण काजळ, मस्कारा सगळं नवीन आण, जुन्या डब्या फेक. थ्रेडिंगवाली पापणी ओढून धरते, तिला आधीच सांग किंवा यावेळी प्लकरने घरीच कर. खोट्या पापण्या नकोत, तो डिंक काढताना टाक्याची जागा ओढली जाते. आणि लग्नात होमाच्या धुरापासून लांब बस गं, कोरड्या डोळ्यांना फार झोंबतो. अक्षता पडताना गॉगल नाही तरी साधा चष्मा घाल, मागच्या रांगेतली पोरं नेम धरून मारतात. पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या नाहीत, वाकून वाकून नमस्कार पण लग्नापर्यंत बंद, सगळ्यांनी तुझ्या पाया पडायचं.

ऑप्टो_नागपूर
फ्रेम घ्या, काचा नका करू. पापणीचा बुबुळावरचा दाब बदलतो त्यामुळे सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा, नंबर थोडा हलू शकतो, वर तुमचा डोळा कोरडा आहे, आत्ता तपासलं तर सकाळी एक नंबर येईल आणि संध्याकाळी दुसरा. दोन-तीन महिन्यांनी तपासा. लग्नात जुन्याच नंबरच्या काचा नवीन फ्रेममध्ये बसवून मिळतात का ते दुकानदाराला विचारा, फ्रेमचा आकार मोठा नसेल तर बसतात.