मदत हवी आहे: फिल्डवरच्या माणसांच्या फोनवर कंपनीचा मेल द्यायचाय, फोन कोणता आणि सांभाळायचे कसे?

बियाणेवाला

नमस्कार मंडळी,

जालन्यात एका छोट्या बियाणे कंपनीचं ऑफिस मी सांभाळतो. म्हणजे बिलं, हिशोब, प्रिंटरचं टोनर आणि 'मेल येईना झालाय बघा' हे सगळं माझ्याच टेबलावर. फिल्डवर अकरा जण आहेत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन असे विखुरलेले, आणि दोघं पलीकडं देऊळगावराजाकडं, शेडनेटमधल्या भाजीपाला बियाण्याच्या प्लॉटवर. मालकांचं म्हणणं, खरिपाची गडबड सुरू व्हायच्या आत प्रत्येकाच्या फोनवर कंपनीचा मेल नीट चालला पाहिजे. फोन घ्यायचे तर घे, पण काय ते तूच ठरव.

सध्याची अवस्था सांगतो. मेल आमच्याच डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावर आहे. ज्यानं वेबसाइट करून दिली त्यानंच मेलही दिला आणि सगळ्यांच्या फोनवर पीओपीनं बसवून गेला. मेल फोनमध्ये उतरला की सर्व्हरवरून गायब. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधायला जावं तर रिकामं. त्याला विचारलं की म्हणतो, 'सर्व्हरवर जागा कमी आहे, पॅकेज वाढवा.'

मध्यंतरी एक जण नोकरी सोडून गेला. उगवण चाचणीचे रिपोर्ट, शेतकऱ्यांच्या करारांचे स्कॅन, सगळं त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये. माणूस सरळ, मागितल्यावर पाठवलं सगळं, पण व्हॉट्सअॅपवर एकेक फोटो करून. कुठला कागद कुठल्या लॉटचा हे अजून जुळवणं चालूच आहे. त्याच्याकडं कंपनीचाही एक फोन होता. तो त्यानं 'स्वच्छ करून' परत दिला, म्हणजे बटणं दाबून रिसेट मारून. आता चालू केला की आधीचं गूगल खातं मागतो आणि पुढं सरकत नाही. ड्रॉवरमध्ये पडलाय.

तर कंपनीनं सगळ्यांना फोन द्यावेत की त्यांच्याच फोनवर मेल द्यावा? बजेट एका फोनला पंधरा-अठरा हजारांच्या पुढं नाही. दुसरं म्हणजे पोरांचा विरोध. 'कंपनीचं अॅप टाकलं की साहेबांना आमचे फोटो दिसतेत' असं एकानं पसरवलंय आणि आता कुणी फोन हातात द्यायला तयार नाही. आणि ऊन. मे महिन्यात प्लॉटवर फोन इतका तापतो की चार्जिंगच थांबतं. यावर कुणी काही केलंय का?

वाळूजकर

फोनचं नंतर बघू, आधी मेल पीओपीवरून काढा. आयमॅपवर मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोनवर, कॉम्प्युटरवर तोच दिसतो. फोन विहिरीत पडला तरी मेल जागेवर. पण जे आधीच फोनमध्ये उतरलंय ते आपोआप परत वर जात नाही. पोरांना बसवून महत्त्वाचे मेल ऑफिसच्या पत्त्यावर फॉरवर्ड करून घ्या, जुनं खातं काढायच्या आत.

दुसरं, डोमेनचं लॉगिन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. वेबसाइटवाल्याच्या नावावर असेल तर आधी ते आपल्याकडं घ्या. मेल दुसरीकडं न्यायचा म्हणजे डोमेनची एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारी) बदलायची, आणि ते लॉगिन नसेल तर तुम्ही त्याच्या दारात बसणार.

मग गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहो, यांपैकी एकाकडं मेल न्या. झोहोचं पाच जणांपर्यंत फुकट असतं, पण त्यात आयमॅप नाही, त्यांचंच अॅप वापरावं लागतं. तुम्ही अकरा, म्हणजे तसेही पैसे भरणार.

डाळमिल लातूर

आमच्याकडं शेठ मेल करतात आणि लगेच व्हॉट्सअॅपवर 'मेल केलाय बघा' असं टाकतात. मग माणूस मेल न उघडता व्हॉट्सअॅपवरच 'ओके सर' म्हणतो. अॅप कुठलंही घ्या भाऊ, ही सवय कुठल्या सेटिंगमध्ये आहे तेवढं सांगा.

परभणीचा फिरस्ता

मी तुमच्या त्या अकरांतलाच एक समजा. खताच्या कंपनीत आहे, गाव ते गाव फिरतो. पोरं उगाच घाबरत नाहीत हे सांगायला लिहितोय.

आधीच्या नोकरीत माझ्या स्वतःच्या फोनच्या मेल अॅपमध्ये कंपनीचं खातं टाकलं होतं. टाकताना एक पाटी आली होती, 'या अॅपला फोनमधला सर्व डेटा पुसण्याचा अधिकार द्या'. कोण वाचतंय, दाबलं पुढं. राजीनामा दिला त्या दिवशी दुपारी जिंतूरच्या स्टँडवर चहा पीत होतो, फोन आपोआप बंद होऊन चालू झाला आणि 'वेलकम' म्हणाला. लेकराच्या जावळाचे फोटो गेले ते गेलेच. त्यांच्या आयटीवाल्याचं उत्तर काय, तर 'पॉलिसी आहे'. तेव्हा पोरांना आधी नीट समजावून सांगा, सही नंतर घ्या.

वाळूजकर

फिरस्ते साहेब, तुमच्यासोबत झालं ते मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एक्सचेंज मेल पद्धतीचं. त्यात अॅडमिननं, म्हणजे कंपनीची खाती सांभाळणाऱ्यानं, 'वाइप' दाबलं की अख्खा फोन साफ व्हायचा. आता तसं करायची गरज नाही.

अँड्रॉइड ५ पासून वर्क प्रोफाइल आहे. फोनमध्ये कामाचा कप्पाच वेगळा होतो. त्यातल्या अॅपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. तिकडचे मेल, फाइल, कॉन्टॅक्ट त्या कप्प्यातच. अॅडमिनला घरचे फोटो, मेसेज काही दिसत नाही आणि माणूस सोडून गेला की फक्त तो कप्पा उडवता येतो. शिवाय संध्याकाळी तो कप्पा पोरांना स्वतःच बंद ठेवता येतो, त्यामुळं रात्री दहाला 'मेल बघितला नाही का' हा प्रश्न उरत नाही. मालकांना हा भाग आवडेलच असं नाही!

पण पैशाचं गणित बघा. गूगलमध्ये वर्क प्रोफाइलची सोय वरच्या प्लॅनमध्ये येते, मायक्रोसॉफ्टचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर, इंट्यून, बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये. मॅनेजइंजिनचं फोन सांभाळायचं सॉफ्टवेअर २५ फोनांपर्यंत फुकट आहे, पण ते बसवायला आणि चालवायला कुणीतरी लागतं. टोनर बदलणाऱ्या माणसाकडं तेवढा वेळ आहे का? माझं मत, गूगलचा साधा प्लॅन घ्या. त्यातही स्क्रीन लॉक सक्तीचं करता येतं आणि गेलेल्या माणसाच्या फोनवरून फक्त कंपनीचं खातं दुरून काढता येतं. अकरा जणांना तेवढं पुरतं. मेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा आणि प्रत्येकाचे बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा.

ड्रॉवरमधला फोन: बटणं दाबून रिसेट केलं की अँड्रॉइड जुनं खातं मागतोच, चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ते कुलूप आहे. त्या माणसाला चहाला बोलवा, त्याच्या हातानं पासवर्ड टाकून घ्या आणि मग सेटिंगमधून खातं काढा. तो येईना तर बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. बाजारात 'लॉक तोडून देतो' म्हणणाऱ्याकडं मात्र जाऊ नका. पुढं कंपनीचा फोन देताना नवा फोन सुरू झाल्याबरोबर पहिल्याच पडद्यावर सहा वेळा बोट टेकवा. क्यूआर स्कॅनर उघडतो आणि फोन थेट कंपनीच्या ताब्यात नोंदवता येतो, अर्थात मॅनेजइंजिनसारखं काही असेल तरच.

कोणता फोन म्हणाल तर रॅम आणि कॅमेऱ्यापेक्षा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. सॅमसंग ए१६ ५जी ला सहा वर्षं सांगितली आहेत, भाव सणावाराला खालीवर होतो. रेडमी, विवो, ओप्पो, रियलमी वाईट नाहीत, पण बॅटरी वाचवायला ते मागची अॅप झोपवतात आणि मेल वेळेवर येत नाही. जीमेलला ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरीला 'निर्बंध नाही' केलं की येतो. निम्म्या 'मेल येईना'चं मूळ तिथंच असतं.

उन्हाला औषध नाही. हे फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे म्हणून बनवलेले, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३. बोलेरोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, काळं जाड कव्हर काढा, चार्जिंग गावात सावलीत. मोटारसायकलच्या हँडलवर होल्डरमध्येही नको. इंजिनच्या कंपनानं कॅमेरा बिघडू शकतो असं अॅपलनंच २०२१ मध्ये सांगितलं होतं, बाकीच्यांच्या कॅमेऱ्यातही स्थिर ठेवणारे सुटे भाग असले की तोच धोका. प्लॉटचे फोटो तर तुम्हाला रोज लागणार.

डाळमिल लातूर

एक भर. फोन घेतले तर बिल कंपनीच्या नावावर घ्या. आणि देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवा. आमच्या मार्केटिंगवाल्याचा फोन उदगीरच्या बाजारात गेला, तेव्हा पोलिस तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता आला. आयएमईआय नसता तर बसलो असतो हात चोळत.

बियाणेवाला

सगळ्यांचे आभार. डोमेन वेबसाइटवाल्याच्याच नावावर निघालं, त्याच्याशी बोलणं चालू आहे. मालकांना असं सुचवलंय: नऊ जणांच्या स्वतःच्या फोनवर मेल आणि कंपनीकडून महिन्याला रिचार्ज. देऊळगावराजाच्या दोघांना कंपनीचे फोन, कारण त्यांचे फोन इतके जुने आहेत की अपडेटच येत नाही. फिरस्ते साहेबांचा किस्सा पोरांना वाचून दाखवला. 'कंपनीचं खातंच तेवढं निघणार, हे लिहून द्या' म्हणाले. देतोय.

एकच अडलंय. शेतकऱ्यांकडं नंबर असतो तो पोराचा स्वतःचा. पोरगं गेलं की शेतकरीही त्याच्याच मागं. सिम कंपनीचं घ्यावं का?

वाळूजकर

घ्या. हल्लीचे बहुतेक फोन दोन सिमचे असतात, पोरांचा घरचा नंबर जागच्या जागी राहतो. सिम कंपनीच्या नावावर असलं तरी वापरणाऱ्याचं केवायसी करावं लागतं, आधार घेऊन पाठवा. शेतकऱ्यांचं व्हॉट्सअॅप त्याच नंबरावर चालू करा, त्याच्या टू-स्टेपचा सहा आकडी पिन तुम्ही ठरवा आणि रिकव्हरीला ऑफिसचा मेल द्या. नाहीतर सिम परत येईल आणि पिन सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात राहील.