फिशटँकच्या जैविक फिल्टरमध्ये काय भरता? (अनुभव धागा)

मे महिना तोंडावर आहे. खान्देशात टाक्या याच दिवसांत बसतात, म्हणजे पाणी बिघडून मासे मरतात, आणि दोष मात्र माशांच्या जातीला दिला जातो. जैविक फिल्टरमध्ये भरलेल्या माध्यमावर (नळीचे तुकडे, वीट, रिंगा) जीवाणू वाढतात आणि माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवतात. तुमच्या फिल्टरमध्ये काय भरलंय, किती भरलंय, उन्हाळ्यात काय बदलता, ते लिहा. टाकीचे लिटर, रोजचं खाद्य आणि पाणी नळाचं की बोअरचं, एवढं सांगितलं तरच वाचणाऱ्याला हिशेब लागेल.

जळगाव. १५० लिटर, गोल्डफिश, रोज ५ ग्रॅम खाद्य, नळाचं पाणी

माध्यम टाकीच्या लिटरवर नको, खाद्यावर मोजा. खाद्यात ४० टक्के प्रथिनं असतील तर ग्रॅममागे साधारण ०.०३७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. सावध हिशेब धरला तर १ चौरस मीटर पृष्ठभागावरचे जीवाणू दिवसाला ०.१ ग्रॅम पचवतात. म्हणजे ५ ग्रॅम खाद्याला जवळपास २ चौरस मीटर हवेत.

एवढा पृष्ठभाग ठिबकच्या नळीतून मिळतो. १६ मिमीची साधी लॅटरल घ्या आणि १ सेंटिमीटरचे तुकडे करा. १० मीटरचे हजार तुकडे होतात, आतली-बाहेरची बाजू धरून सुमारे १ चौरस मीटर. आपल्याला २० मीटर लागेल, ती सहा-सात लिटर जागा घेते. नळी कोरीच हवी. शेतातून काढलेल्या नळीत खताचे क्षार बसलेले असतात आणि ते धुऊन पूर्ण निघत नाहीत. कात्रीने तोंडं चपटी होतात, पाईप कटर वापरा. तुकडे तरंगतात, म्हणून कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून वर वजन ठेवायचं. प्लास्टिक गुळगुळीत असल्यानं जीवाणूंचा थर धरायला वेळ लागतो. कापण्याआधी नळीवर सँडपेपर फिरवला की फरक पडतो.

भुसावळ. २०० लिटर, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डबा)

वरचा हिशेब बरोबर आहे, पण आमच्याकडे पृष्ठभाग आधी संपत नाही, ऑक्सिजन संपतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला जीवाणूंना सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ सुद्धा नाही. त्यात विषारीपणाही वाढतो: पीएच ८ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग २५ अंशांना ५ टक्के असतो, तो ३२ अंशांना ८ टक्क्यांवर जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये माध्यम वाढवण्यापेक्षा खाद्य निम्मं करा आणि हवेचा दगड (एअर पंपाचे बुडबुडे सोडणारा) टाकीत चालू ठेवा.

लोडशेडिंगमध्ये बंद कॅनिस्टरच्या आतलं पाणी दोन-तीन तासांत ऑक्सिजनविना राहतं. लाईट आली की लगेच सुरू करू नका. ते सगळं पाणी टाकीत येतं आणि तासाभरात मासे वर तोंड काढतात. आधी कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी ओता, माध्यम टाकीच्या पाण्यात विसळा, मग चालू करा. याहून खात्रीचं म्हणजे सोबत एक स्पंज फिल्टर बॅटरीच्या एअर पंपावर ठेवणं.

आपली हवा कोरडी आहे, त्यामुळे पाण्यावरून टेबल फॅन सोडला तरी २ ते ४ अंश उतरतात.

रावेर. ९० लिटर, बोअरचं पाणी

भाऊ, फॅन लावला की पाणी उडतं आणि क्षार खाली राहतात. रोजची भर आरओच्या पाण्याने घाला, आठवड्याची बदली बोअरच्या पाण्याने. संपूर्ण टाकी आरओवर मात्र चालवू नका. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचताना ७ ग्रॅमच्या आसपास क्षारता (पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद) खर्च होते. आरओच्या पाण्यात ती नसतेच, मग पीएच घसरतो आणि ६.५ च्या खाली फिल्टर मंदावतो. बोअरच्या जड पाण्याला लोक नावं ठेवतात, पण आमच्या टाकीला त्याचाच आधार आहे.

धुळे. वीट वापरणाऱ्यांसाठी

लाल, पक्की भाजलेली वीटच घ्या. दोन विटा आपटल्यावर खणखणीत वाजायला हव्यात, पिवळट कच्च्या विटेचा महिन्याभरात गाळ होतो. राखाडी राखेची वीट घेऊ नका. त्यात चुना किंवा सिमेंट असतं आणि पीएच चढतो. १ ते २ सेंटिमीटरचे तुकडे करून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. शंका असेल तर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फेस आला तर तो तुकडा बाहेर.

बेसाल्टची खडी भरू नका. ती भरीव असते आणि खडीच्या फटीत घाण अडकते.

नंदुरबार. नवी टाकी, मासे सोडण्याआधी

मासे नसताना जीवाणू वाढवायला अमोनिया आपणच द्यायचा. १०० लिटरला ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, टाकलं की लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईचा खडा नको, त्यात इतर धातू असू शकतात. टेस्ट किटवर अमोनिया शून्य झाला की पुन्हा तेवढंच. टाकलेला डोस २४ तासांत संपून नायट्राइटही (अमोनिया पचताना मधे तयार होणारं, तेही विषारी) शून्य आलं की फिल्टर तयार. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. चालू टाकीतला स्पंज नव्या टाकीत पिळला तर बरेच दिवस वाचतात.

चाळीसगाव

सिरॅमिक रिंगांच्या डब्यावरचे पृष्ठफळाचे आकडे बघून पैसे घालू नका. जीवाणू साधारण १ मायक्रॉनचा असतो. त्याहून बारीक छिद्रं मोजणीत धरली तरी त्याच्या उपयोगाची नाहीत, आणि मोठ्या छिद्रांत गाळ बसतो. रिंगांच्या आधी जाड स्पंज हवाच, आणि तो दर आठवड्याला पिळायचा. रिंगा तीन महिन्यांनी, तेही एका वेळी निम्म्याच, टाकीतून काढलेल्या पाण्यात विसळायच्या. नळाखाली कधीच नाही: टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या दिवशीचं पाणी जीवाणूंचा थर मारू शकतं. मेथिलीन ब्लू द्यायचं असेल तर मासा वेगळ्या टबात घ्या, औषध फिल्टरपर्यंत पोचू देऊ नका.